बायोप्सीचा तुकडा जपून ठेवा

चिखली-मेहकरकडच्या वस्त्यांत आरोग्याचं काम करताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर पसरतो." फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तसं होणं अगदी विरळ. पण या भीतीपायी उपचाराचे महिने निघून जातात. कुणी मागच्या जन्माचं पाप म्हणतं. बाबासाहेबांच्या धम्मात त्याला जागा नाही. कारण शोधायचं, आणि ते त्या तुकड्यात सापडतं.

ते कसं? पेशीची बहुतेक कामं प्रथिनं करतात. (डाळीतलं प्रथिन आपण खातो, ही शरीरानं स्वतः घडवलेली.) पेशीवर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. ते दारावरच्या बेलच्या बटणासारखं. बाहेरून निरोप आला की पेशीला 'वाढ' म्हणून सांगतं. काहींच्या गाठीत जनुक बदलतं, प्रथिन बिघडतं, बटण दाबलेलंच राहतं. जेफिटिनिबची गोळी नेमकं हेच बटण बंद करते. बदल नसेल तर गोळीचा फारसा उपयोग नाही, म्हणून आधी तपासणी.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं 2013 मध्ये फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या 907 भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरात सुमारे 23 जणांत हा बदल निघाला. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत तो जास्त आढळतो. तेव्हा "आमच्या आईनं कधी बिडीला हात लावला नाही, तिला कसला कॅन्सर?" असं म्हणून थांबू नका. टीबीच्या गोळ्या चालू असूनही वजन घटतंय, थुंकीत रक्त दिसतंय, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

एएलके हे दुसरं प्रथिन. तुकड्याचा कागदाहून पातळ काप काचेवर घेतात, त्यावर फक्त याच प्रथिनाला चिकटणारं द्रव्य सोडतात. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग येतो. त्यावरही वेगळ्या गोळ्या आहेत.

या सगळ्या तपासण्यांसाठी तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात ठेवतात, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. अकोला-नागपूरहून मुंबईला पाठवलं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. नाहीतर पुन्हा सुई, पुन्हा खर्च. आणि आपल्याकडच्या उन्हात ब्लॉक गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, शेवटी मेणच ते.

पैसे भरण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती तपासणी, कोणतं औषध बसतं ते विचारा.