कापूस हलका नसतो

‘किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस?’ या कोड्याला आता कुणी फसत नाही. दोन्ही सारखेच, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण पुढचा प्रश्न विचारून पाहा: मग कापसाला हलका का म्हणतात? ‘त्याची घनता पाण्यापेक्षाही कमी, म्हणून तर तो तरंगतो,’ असं उत्तर येतं. खरी गफलत इथे आहे.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. ठरावीक जागेत किती द्रव्य मावलं आहे, त्याचं माप. पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला 1 ग्रॅम, लोखंडाची साधारण 7.9. कापसाच्या तंतूची? सुमारे 1.5. म्हणजे हा तंतू पाण्यात बुडायलाच हवा, आणि बुडतोही. दवाखान्यातल्या कापसाचा बोळा पाण्यात टाकला की काही सेकंदांत भिजून तळाला जातो. शेतातून वेचून आणलेला कापूस मात्र तरंगत राहतो. त्याच्या तंतूंवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि तंतूंमध्ये अडकलेली हवा त्याला वर धरून ठेवते. दवाखान्यातल्या कापसाचं हे मेण काढून टाकलेलं असतं, एवढाच फरक.

तेव्हा आकारमान कशाचं धरायचं, नुसत्या तंतूंचं की तंतू आणि हवा मिळून झालेल्या ढिगाचं, हे आधी ठरवावं लागतं. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या परिसरात, कापसाच्या मुलखात, हा हिशेब दर हंगामात डोळ्यांसमोर होतो. गाडीत कापूस भरताना माणसं वर चढून तो तुडवतात. वजन रतीभरही वाढत नाही, जागा तेवढी वाचते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुई प्रेसमध्ये जाते आणि 170 किलोची गाठ होऊन बाहेर पडते. ही गाठ अर्ध्या घनमीटरहूनही कमी जागेत बसते, म्हणजे घनमीटरला साधारण 400 किलो. तंतूची स्वतःची घनता मात्र घनमीटरला 1500 किलो. इतक्या करकचून बांधलेल्या गाठीतही जवळपास तीन चतुर्थांश जागा हवेचीच आहे! लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रुईचं डेनिम होतं, तिथेही कापूस पोचतो तो अशा गाठींतूनच. दाबल्याने कापूस जड झाला, असं म्हणणं म्हणूनच चूक. जड झाला नाही, हवा निघून गेली.

‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ हाही तसाच समज. शेकडो किलोचा वाळलेला सागाचा ओंडका तरंगतो, सुई बुडते. ब्रह्मदेशात सागाची झाडं तोडण्याआधी खोडाची साल गोल काढून ती दोन-तीन वर्षं उभीच वाळू देत, कारण ओला साग नदीतून वाहून नेताना बुडायचा. आणि ओंडका मधोमध कापला तर? वस्तुमान निम्मं, आकारमान निम्मं, घनता होती तेवढीच.

तेलाच्या बाबतीत गैरसमज थेट पैशाशी भिडतो. एक लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम छापलेलं दिसलं की पुष्कळांना नव्वद ग्रॅम मारल्याची शंका येते. लिटर म्हणजे किलो हे फक्त पाण्यापुरतं खरं. सरकीचं काय, सोयाबीनचं काय, खाद्यतेल पाण्याहून विरळच असतं. ते पाण्यापेक्षा दाट वाटतं, कारण सावकाश ओघळतं. पण ओघळण्याचा वेग आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुधात तर हा घोळ अगदी उलटा पडतो. घट्ट, सायीचं दूध जास्त घन असणार असं वाटतं. पण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो, म्हणून तर साय वर येते. साय काढली की दुधाची घनता वाढते आणि लॅक्टोमीटर जास्त वर उचलला जातो. पाणी घातलं की घनता घटते आणि तो खाली बसतो. आधी साय काढून मग बेताने पाणी घातलं, तर काटा जिथल्या तिथे येतो आणि भेसळ लपून जाते. म्हणून संकलन केंद्रावर लॅक्टोमीटरच्या जोडीला फॅटही तपासतात.