कोपरगावच्या बेटावरची देवयानी

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोदावरीच्या काठी कोपरगाव आहे. शिर्डीला जाणारे हजारो लोक या गावावरून जातात. त्यातले थोडेच गावाला लागून असलेल्या ‘बेट’ नावाच्या भागात वळतात. बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. जवळच कचेश्वर आहे. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य यांचा आश्रम इथेच होता, त्यांची कन्या देवयानी इथेच वाढली आणि देवांकडून आलेला कच संजीवनी विद्या इथेच शिकला, अशी इथली श्रद्धा आहे. ‘संजीवनी’ हे नाव कोपरगावात पुढे साखर कारखान्याला मिळाले, शिक्षणसंस्थेला मिळाले. पोथीतली विद्या अशी लोकांच्या रोजच्या बोलण्यात येऊन बसली.

या मंदिराविषयी आणखी एक गोष्ट पंचक्रोशीत सांगतात. इथे लग्न लावायला मुहूर्त पाहावा लागत नाही. शुक्राचा अस्त असला म्हणजे एरवी लग्ने थांबतात. पण हे तर प्रत्यक्ष शुक्राचार्यांचेच घर, इथे त्यांचा अस्त कसा व्हायचा? म्हणून वर्षाच्या कोणत्याही दिवशी इथे अक्षता पडू शकतात. मला या श्रद्धेची मोठी गंमत वाटते. कारण ज्या अंगणात कुणाच्याही लग्नाला अडचण नाही, त्याच अंगणात देवयानीने कचाला लग्नाचे विचारले होते आणि त्याने नाही म्हटले होते.

ही कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. देव आणि असुर यांची लढाई चालू होती. मेलेल्या असुरांना शुक्राचार्य संजीवनी विद्येने उठवत. देवांजवळ ती विद्या नव्हती. म्हणून त्यांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवले. कचाने गुरूची सेवा केली, गुरुकन्येलाही आपलेसे केले. असुरांना संशय आला. त्यांनी एकदा त्याचे तुकडे करून लांडग्यांना घातले. देवयानीने वडिलांजवळ हट्ट धरला आणि कच जिवंत झाला. दुसऱ्या वेळी त्याला वाटून समुद्राच्या पाण्यात मिसळले. तेव्हाही तो परत आला. तिसऱ्या वेळी असुरांनी त्याला जाळून राख केली आणि ती राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजली.

आता कचाला बाहेर काढायचे तर गुरूचे पोट फाडावे लागणार. मुलीला तर दोघेही हवे होते. शेवटी शुक्राचार्यांनी पोटातल्या कचालाच विद्या शिकवली. तो बाहेर आला आणि त्याने गुरूला उठवले. दारूने आपली बुद्धी गेली म्हणून शुक्राचार्यांनी त्या दिवशी मद्यपानाला शाप दिला. कच विद्या घेऊन निघाला तेव्हा देवयानी म्हणाली, माझ्याशी लग्न कर. तो म्हणाला, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, तू माझी बहीण झालीस. तिने शाप दिला की, ही विद्या तुला फळणार नाही. त्यानेही शाप दिला की, कोणी ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही. मला न फळली तरी मी जिला शिकवीन तिला-त्याला ती फळेल, एवढे म्हणून तो गेला.

पुढचा भाग आपल्याला अधिक माहीत आहे. असुरराजाची मुलगी शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. राजा ययाती तिला हात देऊन वर काढतो आणि पुढे तिच्याशी लग्न करतो. शर्मिष्ठेला दासी म्हणून तिच्यासोबत जावे लागते. ययाती चोरून शर्मिष्ठेशीही संसार मांडतो. हे कळल्यावर शुक्राचार्य त्याला म्हातारपणाचा शाप देतात. धाकटा मुलगा पुरू आपले तारुण्य बापाला देतो. हजार वर्षे भोग घेऊनही तृप्ती होत नाही हे ययातीला उमगते, तेव्हा तो ते तारुण्य परत करतो.

एवढ्या मोठ्या कथेत एक बाब लक्षात येण्यासारखी आहे. घटना भरपूर आहेत, पण माणसांच्या मनातले फार थोडे सांगितले आहे. कचाचे देवयानीवर प्रेम होते की नव्हते? मुलाचे तारुण्य मागताना बापाचा हात थरथरला का? शर्मिष्ठेला रात्री झोप लागत असेल का? मूळ कथा यावर फारसे बोलत नाही. या मोकळ्या जागाच पुढच्या लेखकांना बोलावतात. मराठीत तर जवळजवळ प्रत्येक पिढीने ही कथा पुन्हा सांगितली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक लिहिले. त्यांनी कथेतला मद्याचा धागा उचलला. एवढा ज्ञानी गुरू पेल्यापायी शिष्याची राख पिऊन बसतो, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगायला त्यांना कथेत नवे काही घालावे लागले नाही. जे आदिपर्वात दोन-चार श्लोकांत होते, ते त्यांनी रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवले.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली. दुसरे महायुद्ध होऊन गेले होते, स्वातंत्र्य मिळून बारा वर्षे झाली होती. हाती येईल ते सुख ओरबाडणारा माणूस खांडेकरांना भोवती दिसत होता. तो त्यांनी ययातीत पाहिला. त्यांनी दोन महत्त्वाचे बदल केले. पहिला म्हणजे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना ‘मी’ म्हणून बोलू दिले. त्यामुळे एकाच घराचे तीन दरवाजे उघडले. दुसरा बदल कचाचा. महाभारतात शाप देऊन-घेऊन गेलेला कच कथेतून जवळपास नाहीसाच होतो. खांडेकरांनी त्याला परत आणले आणि ययातीच्या भोगासमोर संयमाचे माणूस म्हणून उभे केले. आपण जुने उपाख्यान जसेच्या तसे सांगत नसून त्याच्या आधाराने कादंबरी लिहीत आहोत, हे त्यांनी वाचकांपासून लपवले नाही. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले. ज्ञानपीठ मिळवणारे ते पहिले मराठी लेखक.

माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी याच कथेवर कन्नडमध्ये नाटक लिहिले. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्यांना प्रश्न पडला तो असा : पुरूने तारुण्य देऊन टाकले, पण त्याच्या बायकोचे काय? त्यांनी चित्रलेखा उभी केली. नवी नवरी, आणि नवरा एका रात्रीत म्हातारा झालेला. सारे जग पुरूच्या त्यागाचे गोडवे गात असताना तिला मात्र त्या त्यागाचा हिशेब चुकवावा लागतो, आणि तो ती प्राणाने चुकवते. मग १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांनी ‘ययाति आणि देवयानी’ रंगभूमीवर आणले. पन्नास-पंचावन्न वर्षांत एकाच कथेची ही चार रूपे झाली.

यात छापील पुस्तकाबाहेरचे एक रूप मला बेटावर ऐकायला मिळाले. देवळाच्या ओट्यावर एक आजी वाती वळत बसल्या होत्या. कचाने नाही का म्हटले, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “आरं बाबा, ज्या घरचं मीठ खाल्लं तिथं सोयरीक करत्यात व्हय?” पोट फाडण्याची गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. त्यांच्या गावाला पटेल असे कारण त्यांच्या कथेत आले होते. मी विचारले, “मग देवयानीचं काय झालं?” त्यांनी हातातली वात पुरी केली आणि म्हणाल्या, “राजाशी लगीन झालं की तिचं. पर पयला घाव त्यो पयलाच.” खांडेकरांनी देवयानीच्या तोंडून पुष्कळ पाने जे सांगितले, त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट या आजींनी एका वाक्यात सांगितली होती, असे मला वाटले.

जुन्या वाड्याचे खांब आणि तुळया तशाच ठेवून आपण आतल्या भिंती हलवतो. स्वयंपाकघर मोठे करतो, अंधाऱ्या खोलीला खिडकी पाडतो. कथा नव्याने सांगणाऱ्याचे काम असेच असते. कचाचे तीन मृत्यू, दोन शाप, तारुण्याची अदलाबदल हे या कथेचे खांब. ते यातल्या कुणी हलवले नाहीत. ते हलवले तर श्रोता म्हणेल, ही ती गोष्टच नव्हे. खिडकी मात्र प्रत्येकाने वेगळ्या खोलीला पाडली. कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे आणि आजवर गप्प राहिलेल्या कोणाला बोलू द्यायचे, हे स्वातंत्र्य लेखकाचे आहे. त्याने मूळ कथेचे काही बिघडत नाही. आदिपर्व जागच्या जागी आहे. ज्याला हवे त्याने ते उघडून पाहावे.

पण हे स्वातंत्र्य सगळीकडे सारखे चालते का? याचे उत्तर शोधायला कोपरगाव सोडण्याची गरज नाही. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे, म्हणजे आपले राघोबादादा, याच गावी येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात इथेच वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. पुढच्या वर्षी इथेच चिमाजीअप्पांचा जन्म झाला. आनंदीबाई म्हटले की मराठी माणसाला एकच आठवते : ‘ध’ चा ‘मा’.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, हा इतिहास आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, हेही सर्वांना माहीत आहे. परंतु ‘नारायणरावास धरावे’ या हुकुमातला ‘ध’ आनंदीबाईंनी खोडून ‘मा’ केला, ही गोष्ट ज्या कागदावर उभी आहे तो कागद कोणाला दाखवता आलेला नाही. तरी ती गोष्ट टिकली, कारण ती गोष्ट म्हणून फार उत्तम आहे. एक अक्षर, एक बाई आणि एक खून. सांगायला सोपी, विसरायला अवघड. नाटकांनी ती घेतली, कीर्तनांनी घेतली, शेवटी ती भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. सांगता सांगता ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द तेवढे गळून गेले.

देवयानी आणि आनंदीबाई यांच्यातला फरक इथे आहे. देवयानीला कुणी मानिनी म्हटले, कुणी दुष्ट म्हटले, तरी त्या शेजारी दुसरी देवयानी उभी असते आणि वाचक दोघींना पाहू शकतो. आनंदीबाई १७९४ पर्यंत या भूमीवर जगलेली, मुले वाढवलेली, वैधव्य काढलेली खरी बाई आहे. तिच्यावरचा आरोप आपण कथेच्या गोडीने खरा धरला, तर तो पुराव्याविना दिलेला निकाल होतो. दोनशे वर्षांहून अधिक काळ तो तिच्या नावाला चिकटून आहे. तिने काहीच केले नसेल, असे मी म्हणत नाही. पण कादंबरीतल्या प्रसंगाला दप्तरातल्या कागदाचा मान देता येत नाही, एवढे मात्र म्हणायलाच हवे.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. पुराणावर आणि इतिहासावर कादंबऱ्या निघतात, मालिका निघतात, चित्रपट निघतात. त्यातले संवाद मुलांना पाठ होतात, आणि वर्गात शिक्षकांनी वेगळे सांगितले तर मुले म्हणतात, पण आम्ही तर असे पाहिले! मालिका पाहू नका, असे सांगून उपयोग नाही, आणि ते योग्यही नाही. गोष्टीची भूक चांगलीच असते. मात्र गोष्ट संपल्यावर मुलांजवळ बसून तीन प्रश्न विचारता येतील. ही गोष्ट कोणाच्या तोंडून सांगितली? यात कोण गप्प राहिले? आणि ज्याच्याविषयी सांगितली, तो माणूस खरोखर होऊन गेलेला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर चौथा प्रश्न आपोआप येतो : कशावरून?

आपल्या जिल्ह्यात अशा कथांना तोटा नाही. नेवाशाला मोहिनीराज आहे, अकोल्याला अगस्ती ऋषींचे स्थान आहे, मढीला कानिफनाथ आहेत. प्रत्येक ठिकाणची पोथीतली कथा छापून मिळते. पण बेटावरच्या त्या आजींनी सांगितली तशी कथा कुठे छापलेली नाही. ती सांगणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. आपल्या घरात, आपल्या गावात असे कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, त्यांची गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मध्येच दुरुस्ती करू नका. पोथीत असे नाही, असे म्हणून अडवू नका. खाली तारीख घाला, गावाचे नाव घाला, आणि सांगणाऱ्याची परवानगी असेल तर त्यांचे नावही लिहा. पुढे एखाद्या लेखकाला देवयानी पुन्हा लिहावीशी वाटली, तर त्याच्या हाताशी आदिपर्व असेल, खांडेकर असतील आणि तुमच्या आजीचे ते एक वाक्यही असेल.