कोड चालला, पण उत्तर बरोबर आहे का?

संख्यात्मक गणिताची भाषा शिकणारा विद्यार्थी सहसा व्याकरणापासून सुरुवात करत नाही. पुस्तकातले किंवा सॉफ्टवेअरच्या मदत-पानावरचे एखादे उदाहरण तो उचलतो, चालवून बघतो आणि मग आपल्या गणिताला लागेल तसे बदलून घेतो. ते उदाहरणच चुकीचे असेल, तर चूक त्याच्या जर्नलमध्ये जाते, तिथून प्रोजेक्टमध्ये आणि पुढे मित्रांच्या कोडमध्ये. म्हणून बिघडलेले उदाहरण दुरुस्त करणे हे किरकोळ काम नाही. ते नीट कसे करावे, हे जीएनयू ऑक्टेव्ह या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधाराने पाहू.

ऑक्टेव्हचा उगम

रासायनिक रिअ‍ॅक्टरच्या रचनेवरील एका पाठ्यपुस्तकाला सॉफ्टवेअरची जोड असावी, या विचारातून १९८८च्या सुमारास ऑक्टेव्हची कल्पना पुढे आली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स रॉलिंग्ज आणि टेक्सास विद्यापीठातील जॉन एकर्ट यांची ती कल्पना. जॉन ईटन यांनी १९९२मध्ये पूर्णवेळ काम सुरू केले आणि १९९४मध्ये १.० आवृत्ती आली. ईटन यांना रासायनिक अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे नाव सॉफ्टवेअरला मिळाले. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे सोडवणे हे या सॉफ्टवेअरचे मूळ कामच होते.

उदाहरणे का बिघडतात

पहिले कारण लिहिणाऱ्याच्या संगणकात असते. ऑक्टेव्हमध्ये आधी तयार केलेली व्हेरिएबल्स सत्र संपेपर्यंत मेमरीत राहतात. लिहिणाऱ्याकडे एखादी मॅट्रिक्स सकाळपासून तयार असते, त्यामुळे ती बनवणारी ओळ उदाहरणात राहून गेली तरी त्याच्याकडे कोड चालतो. वाचणाऱ्याकडे मात्र तो अडतो.

दुसरे कारण छपाईचे. पीडीएफ किंवा वर्डच्या फाईलमधून कोड कॉपी केला, की सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह येते आणि वजाच्या जागी लांब डॅश. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, इंटरप्रिटर मात्र तिथेच थांबतो.

तिसरे कारण पॅकेजचे. सिग्नल प्रोसेसिंग किंवा संख्याशास्त्राची बरीच फंक्शन्स वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि प्रत्येक नव्या सत्रात ती पॅकेजे लोड करावी लागतात. उदाहरणात ती ओळ नसेल, तर फंक्शन सापडत नाही.

चौथे कारण आवृत्तीचे. २०१२मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीपर्यंत तीन संख्यांची आडवी रांग आणि तीन संख्यांचा उभा स्तंभ यांची बेरीज केली की एरर येई. त्यानंतर त्याच ओळीतून ३×३ची मॅट्रिक्स निघते. जुन्या उदाहरणात जी चूक लगेच पकडली जात होती, ती आता गुपचूप पुढे सरकते.

एरर कशी वाचावी

ऑक्टेव्ह फाईल चालवण्याआधी ती पूर्ण वाचून घेते. न मिटलेला कंस किंवा राहिलेला एंड असेल, तर पार्स एरर येते आणि एकही ओळ चालत नाही. इथे दाखवलेली ओळ हीच चुकीची ओळ असेल असे नाही. कंस वर कुठेतरी उघडा राहिलेला असू शकतो, म्हणून दाखवलेल्या जागेपासून वरच्या दिशेने शोधावे.

कोड चालताना येणाऱ्या एररमध्ये बहुधा आकारांचा मेळ बसलेला नसतो. संदेशातच एक बाजू १×३ आणि दुसरी १×४ असे लिहिलेले असते. अशा वेळी अंदाजाने ओळी बदलू नयेत. साइझ फंक्शनने दोन्ही आकार पाहावेत आणि उदाहरणाला मॅट्रिक्सचा गुणाकार हवा आहे की घटकाला घटकाने गुणायचे आहे, हे आधी ठरवावे. पहिल्यासाठी नुसता तारा, दुसऱ्यासाठी टिंब लावलेला तारा. दोन्ही मॅट्रिक्स चौरस आणि समान आकाराच्या असतील, तर दोन्ही चिन्हे चालतात आणि उत्तरे वेगळी येतात.

रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. चौकटी कंसात ३, मग वजा आणि मग १, सर्वांमध्ये जागा सोडून लिहिले तर उत्तर २ येते. वजा एकाला चिकटवला आणि त्याच्या आधी जागा सोडली, तर दोन घटकांची रांग तयार होते.

एरर न देणारी चूक

सर्वांत धोक्याची दुरुस्ती म्हणजे एरर घालवणारी, पण गणित बिघडवणारी. विकलक समीकरणे सोडवायला ऑक्टेव्हमध्ये पूर्वीपासून एलएसओडीई हे फंक्शन आहे. २०१६च्या ४.२ आवृत्तीपासून मॅटलॅबच्या धर्तीवरचे ओडीई४५ही मूळ ऑक्टेव्हमध्ये आले. एलएसओडीईला दिलेल्या फंक्शनमध्ये आधी राशी आणि मग वेळ येते, ओडीई४५मध्ये आधी वेळ आणि मग राशी.

एका पदार्थाची तीव्रता आपल्याच प्रमाणात घटते आहे असे समजा. सुरुवातीला तीव्रता १, वेगाचा स्थिरांकही १. जुने उदाहरण नव्या पद्धतीत आणताना फक्त बाहेरची ओळ बदलली आणि आतल्या फंक्शनमधला क्रम तसाच ठेवला, तर एरर येत नाही. वेळ १ असताना उत्तर ०.५ येते, खरे उत्तर सुमारे ०.३६८ आहे. वेळ २ असताना तर ते उणे १ येते. तीव्रता ऋण असूच शकत नाही, पण इंटरप्रिटरला रसायनशास्त्र कळत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते.

उत्तर कसे तपासावे

ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशी छोटी स्थिती आधी चालवावी. समीकरणे सोडवली असतील, तर आलेले उत्तर मूळ समीकरणांत घालून बाकी किती उरते ते पाहावे. दशांश संख्यांची तुलना कधीही नुसत्या बरोबरीच्या चिन्हाने करू नये. ऑक्टेव्हमध्ये ०.१ अधिक ०.२ ही बेरीज ०.३शी तंतोतंत जुळत नाही, कारण या संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण मावत नाहीत. किती फरक चालेल हे आधी ठरवून असर्ट फंक्शनला सांगावे. शेवटी ऑक्टेव्ह बंद करून पुन्हा उघडावे आणि पूर्ण उदाहरण नव्या सत्रात चालवावे.

दुरुस्ती कशी टिकवावी

मदत-पानावरचे उदाहरण हा नुसता मजकूर असतो. तो आपोआप कोणी चालवून पाहत नाही, म्हणून तो सहज जुना होतो. उलट, फंक्शनच्या फाईलच्या शेवटी टक्केचिन्ह आणि उद्गारचिन्ह लावून लिहिलेल्या चाचण्या टेस्ट या आज्ञेने केव्हाही चालवता येतात. डॉकटेस्ट हे पॅकेज तर मदतीतली उदाहरणेच चालवून छापलेल्या उत्तरांशी ताडून पाहते.

दुरुस्ती करताना उदाहरणाचा हेतू जपावा. ते लूप शिकवण्यासाठी लिहिले असेल, तर लूप काढून एका ओळीत उत्तर आणणे ही दुरुस्ती नव्हे. बदल लहान असावा आणि त्याचे कारण सोबत लिहावे.

या कामाची एक वाट पवईतूनही जाते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवली जातात आणि त्यात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा असतो. अशा कामात पुस्तकातल्या उत्तराशी कोडचे उत्तर ताडून पाहणे ओघानेच येते. महाविद्यालयांच्या प्रॅक्टिकलमध्येही कोडच्या प्रिंटआउटसोबत एक तपासणी लिहायला सांगता येईल: हे उत्तर बरोबर आहे हे मी कशावरून म्हणतो? या प्रश्नाचे उत्तर उदाहरणासोबत लिहिलेले असेल, तरच उदाहरण दुरुस्त झाले असे मानावे.