जर्नलमधले ९.८

खानदेश सोडून सुरतेत आलेल्या घरांतली आधीची मुलं मराठी शाळांत शिकली. त्यांची मुलं आता सुरतेजवळच्या कामरेजला गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात जातात. माध्यम बदललं, प्रयोगाची वही तीच राहिली. डावीकडे कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती; उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

साध्या लंबकाचं पान काढा. एक मीटरच्या लंबकाला २० आंदोलनांसाठी ४० सेकंदांच्या आसपास लागतात. स्टॉपवॉच अर्धा सेकंद उशिरा थांबलं, तर गुरुत्व त्वरण ९.८ वरून ९.६ च्या खाली घसरतं. वर्गात एवढा फरक पडणारच. तरी अख्ख्या वर्गाच्या वह्यांत ९.८! उत्तर आधी ठरवायचं आणि वाचनं मागाहून भरायची, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली की नुसत्या दोऱ्याची, हे मात्र बहुतेक वह्यांत सापडत नाही. आणि ज्याला तोच प्रयोग पुन्हा करायचा आहे, त्याला नेमकं तेच हवं असतं.

कामरेजहून भरूचकडे जाताना जी नर्मदा लागते, तिच्याच वरच्या अंगाला, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत वेगळा उद्योग सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. मुलं गटानं प्रयोग करत, दिसलं ते आपल्या शब्दांत लिहीत, गटागटांचे आकडे ताडून पाहत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, त्यामुळे घोकलेलं अनुमान कामाचं नव्हतं. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पोचला. २००२ मध्ये तिथल्या राज्य सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम असं गुंडाळलं गेलं, याची हळहळ वाटते.

१९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेनं मुलांना आसपासच्या प्रश्नावर प्रकल्प करून अहवाल लिहायला लावलं. पण ती वाट हौशी मुलांची. बाकीच्यांच्या हाती जर्नलच. हल्ली तर मित्राच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, उतरवण्याचे कष्टही कमी.

सीबीएसईच्या बारावीत भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपैकी ५ वहीला असतात. त्यातला एक तरी गुण ९.५ लिहून ‘दोऱ्याची गाठ सैल होती’ असं कारण देणाऱ्या मुलाला मिळावा. सुबक अक्षराला बाकीचे चार द्या हवं तर.