खर्जाची पाचवी तार

ॲम्पला जोडण्याआधी एक करून बघा. पाच तारांची बेस गिटार मांडीवर घ्या, तिच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवा आणि सगळ्यात जाड तार अंगठ्याने छेडा. खोलीतल्या इतरांना काही विशेष ऐकू येणार नाही, पण तुमच्या जबड्यातून, दातांतून, कानामागच्या हाडातून एक मालगाडी पुलावरून निघालेली असेल.

आता तारेकडे बघा. बाकीच्या तारा छेडल्या की नुसत्या धूसर होतात. ही मात्र दोरीच्या उड्यांतल्या दोरीसारखी पोट फुगवून डोलते, जणू तिच्या फेऱ्या मोजता येतील. सेकंदाला जवळजवळ ३१ आंदोलनं! २० च्या खाली गेलं की माणसाच्या कानाला सूर असा उरतच नाही. पियानोच्या ८८ पट्ट्यांत या सुराच्या खाली फक्त दोन पट्ट्या आहेत. आणि हा सूर आज वीस-तीस हजार रुपयांच्या लाकडातून निघतो. कसा?

आधी हे बघू की तो इतका अवघड का आहे. तारेचा सूर खाली न्यायचा तर तीनच वाटा: तार सैल करा, लांब करा किंवा जड करा. हे कोडं ज्यांनी सोडवलं त्यांत गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली होते. सूर एक सप्तक वर न्यायला तारेला दुप्पट नव्हे, चौपट वजन टांगावं लागतं, हे त्यांनी सोळाव्या शतकात दाखवलं. पुढे मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्ये लांबी, ताण आणि जडपणा यांचा सगळा हिशेब मांडला. बेसच्या कारखान्यात आजही तोच हिशेब चालतो.

तो आपणच करून पाहू. नेहमीच्या चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ई, सेकंदाला ४१ आंदोलनांची. तिच्या खाली बी हवा. पहिली वाट: ईचीच तार सैल करा. ताण निम्म्याजवळ येतो आणि तार वाळत घातलेल्या कपड्याच्या दोरीसारखी लोंबते, पडद्यांवर खडखडते. दुसरी वाट: तीच तार, तोच ताण, पण लांबी वाढवा. ३४ इंचांची तार ४५ इंचांवर न्यावी लागेल! उभ्या डबल बासची तारसुद्धा ४१-४२ इंचांची असते. पहिल्या पडद्यापर्यंत हात कुणाचा पोहोचणार?

राहिली तिसरी वाट, जाडी. ईची तार साधारण २.७ मिलिमीटर जाड असते. तोच ताण राखायचा तर बीची तार साडेतीन मिलिमीटरची हवी. पण तार जितकी जाड तितकी ती तार कमी आणि सळई जास्त. म्हणून तार बनवणारे तडजोड करतात: ३.३ मिलिमीटर, आणि ताण थोडा ढिला. पाचव्या तारेबद्दलची जवळजवळ प्रत्येक तक्रार या तडजोडीतून जन्मते.

एकदा ही तार भिंगाखाली धरून बघाच. आत एक बारीक पोलादी गाभा, त्यावर तारेचे वेढे, त्यावर आणखी वेढे. गाभा बारीक म्हणून ती लवचिक राहते आणि वेढ्यांमुळे जड होते. काही तारांमध्ये तर घोडीजवळ येताच वरचे वेढे सोडून दिलेले असतात, तार एकदम निमुळती होते. कारण वळण्याची खरी कसोटी टोकापाशीच असते. कुणाला सुचलं असेल!

आपल्याकडे तंबोऱ्यात जोड आणि पंचम पोलादी आणि खर्जाची तार मात्र पितळेची, जाड. प्रश्न तोच, उत्तरही त्याच जातीचं: खाली जायचं तर जड व्हा.

मग बेसला ही तार मिळायला इतका उशीर का झाला? लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, चार तारांचा, ३४ इंचांचा. १९६५ मध्ये फेंडरने पाच तारांचा बेस काढलासुद्धा, पण गंमत बघा, पाचवी तार खाली नाही, वर जोडली. १९७५ मध्ये बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्प्सन या कारागिराकडून सहा तारांचं वाद्य करून घेतलं, त्यात खालचा बी होता. पुढच्याच वर्षी बेसवादक जिमी जॉन्सन यांच्या हाती अलेम्बिक कंपनीचा, खालच्या बीचा पाच तारांचा बेस आला. मग ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर सगळीकडे पसरले आणि त्यांची डावी बाजू बेसच्या खाली उतरू लागली. बेसवाल्यांनाही तळ खोल करावा लागला.

तेव्हाची ती वाद्यं एकेका कारागिराची करणी होती. आता आयबानेझच्या जीएसआर २०५ सारखं स्वस्तातलं मॉडेल घ्या. लांबी तीच ३४ इंच. नेकच्या आत पोलादी कांब आहे, कारण पाच तारा मिळून नेकला नव्वद किलोंच्या आसपास ओढतात. एक धडधाकट माणूस लाकडी पट्टीला अहोरात्र लोंबकळतोय अशी कल्पना करा. पडद्यांच्या खाचा संगणकावर चालणारं यंत्र कापतं, आणि त्या यंत्राला महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड असा भेद कळत नाही. म्हणूनच परवडणाऱ्या बेसचे पडदे आज सहसा जागच्या जागी असतात. माझ्या मते या वाद्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

पाचव्या तारेने नवे सूर किती मिळतात? मोजून पाच! बी, सी, सी शार्प, डी, डी शार्प. पुढचा ई तर आधीपासून होताच. पण आता तो बीच्या पाचव्या पडद्यावरही आहे. म्हणजे हात पाचव्या पडद्यापाशी ठेवून, मनगट न हलवता, तुम्ही जवळपास दोन सप्तकांत फिरू शकता. रोज वाजवणाऱ्याला खालच्या पाच सुरांपेक्षा हीच सोय जास्त उपयोगी पडते.

आणि आता सगळ्यात अद्भुत भाग. ज्या ३१ आंदोलनांसाठी एवढा खटाटोप केला, ती बहुतेक स्पीकरमधून बाहेरच येत नाहीत! या ध्वनीची एक लाट अकरा मीटर लांब असते, तीन मजली घराच्या उंचीहून जास्त. घरगुती ॲम्पच्या आठ-दहा इंची स्पीकरला ती झेपणार कुठून? मग आपण ऐकतो काय? तार एकाच वेळी अनेक भागांत हलते: ३१ च्या जोडीला ६२, ९३, १२३, १५४. स्पीकरमधून हे वरचे सूर येतात. मेंदू त्यांच्यातलं अंतर जोखतो, ‘अरे, हे सगळे ३१ च्या पाढ्यातले’ असं ओळखतो आणि जो सूर हवेत जेमतेम आहे तो आपल्याला ऐकवतो. ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात ध्वनीच्या भोंग्यांवर प्रयोग करून ही किमया दाखवली होती.

आता स्वस्त बेसची खरी उणीव कुठे आहे ते लख्ख दिसेल. मेंदूला पाढा अचूक लागतो. तार सळईसारखी ताठ असली की वरचे सूर थोडेथोडे चढतात: ९३ च्या जागी ९३ च्या वर, १२३ च्या जागी आणखी वर. पाढा चुकतो, मेंदू गोंधळतो आणि बी सूर न वाटता नुसती घरघर वाटते. कारखान्यातून येणारी तार साधी असेल तर हे हमखास होतं. पण हा दोष लाकडाचा नाही! निमुळत्या टोकाची चांगली तार लावा, नटवरची, म्हणजे डोक्याजवळच्या पट्टीवरची, खाच तिच्या जाडीइतकी नीट करून घ्या, घोडीवरचं तिचं सॅडल मागे सरकवा. बीचं सॅडल स्प्रिंग पार दाबली जाईपर्यंत मागे जातं, कधी तिथेही जागा अपुरी पडते; विकत घेण्याआधी हे एवढं वाकून बघाच. ३५ इंची वाद्य मिळालं तर ताण सहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो कानाला कळतो.

इतर उणिवा हाताच्या आणि खांद्याच्या. नेक नटपाशी ४५ मिलिमीटर रुंद, घोडीवर तारांमधलं अंतर मात्र साडेसोळा, चार तारांच्या बेसवर ते एकोणीसच्या आसपास असतं. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना हे दाटीवाटीचं वाटतं. पाच खुंट्यांच्या वजनाने डोकं खाली झुकतं. केबल खोचून ठेवली तर आतली नऊ व्होल्टची बॅटरी गुपचूप संपते. आणि मोकळी बी तार न बोलावता गुणगुणते. सतारीच्या तरफेच्या तारा अशाच आपोआप झंकारतात, तिथे ते वैभव आहे, इथे मात्र अंगठा सतत बीवर टेकवून तिला गप्प ठेवावं लागतं. ही सवय लागायला काही आठवडे जातात.

आपल्याकडच्या वादकांसाठी मात्र या तारेत एक खास ठेव आहे. कितीतरी गायक काळी एकमध्ये गातात, म्हणजे सी शार्प. चार तारांच्या बेसवर हा सूर सेकंदाला ६९ आंदोलनांच्या खाली मिळतच नाही. पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्यामागे बोट ठेवा: साडेचौतीस. गायकाच्या सा च्या थेट खाली, तंबोऱ्याच्या खर्जाच्याही एक सप्तक खाली. एकदा तंबोरा लावून, शिंगावर हनुवटी टेकवून तो सूर छेडा, आणि तो विरेपर्यंत हनुवटी उचलू नका.