लंडनच्या पोटातल्या नद्या

बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरीमालिका मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे आणि भेटेल त्याला वाचायला लावतो आहे. जादूच्या गोष्टी खूप आहेत. पण जादू नेमकी चालते कशी, हे चिकाटीनं विचारणारा नायक मला इथेच भेटला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पहिली कादंबरी २०११ची. लेखकानं त्याआधी १९८०च्या दशकात ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचे भाग लिहिले, पुढे पुस्तकांच्या दुकानात नोकरीही केली. नायक पीटर ग्रँट हा लंडनचा नवखा पोलीस शिपाई. आई सिएरा लिओनची, वडील जॅझ वादक. कॉव्हेंट गार्डनमधल्या एका खुनाचा साक्षीदार म्हणून त्याच्यासमोर चक्क भूत उभं राहतं आणि तो नाइटिंगेल या पोलिसातल्या मांत्रिकाचा चेला होतो.

या जगात जादूचं शास्त्र बांधलं ते आयझॅक न्यूटननं. मंत्र टाकला की जवळच्या चालू यंत्रातल्या चिपची वाळू होते. गुरुजींनी यामागचं कारण कधी शोधलेलं नाही. पीटर मात्र स्वस्त यंत्रं मांडून प्रयोग करतो आणि बॅटरी तोडलेली असेल तर चिप वाचते हे शोधून काढतो. मग स्वतःच्या फोनला खटका बसवून घेतो! जादूचा माग मोजायला तो एककही बनवतो, टोबी नावाच्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून. विज्ञानकथेचा खरा पिंड मला या कुतूहलात दिसतो. ‘फॉल्स व्हॅल्यू’ (२०२०) मध्ये तर ओल्ड स्ट्रीटची संगणक कंपनी, संगणकाचे आद्य प्रवर्तक बॅबेज आणि एडा लव्हलेस यांचा वारसा आणि यंत्राची बुद्धी हे सगळं जादूशी येऊन भिडतं.

पण माझा जीव अडकला आहे तो नद्यांत. टेम्सला मिळणाऱ्या कितीतरी नद्या लंडननं गाडून टाकल्या. फ्लीट हॅम्पस्टेड हीथला उगम पावते, किंग्ज क्रॉस आणि फॅरिंग्डनखालून वाहत ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली टेम्समध्ये पडते, आणि आज ती गटारव्यवस्थेचा भाग आहे. क्लर्कनवेलच्या रे स्ट्रीटवर एका लोखंडी जाळीतून तिचा आवाज येतो. मी तिथे उकिडवा बसून बराच वेळ ऐकत राहिलो. ये-जा करणाऱ्यांनी चमत्कारिक नजरेनं पाहिलं, तरी उठवेना. वेस्टबोर्नची तऱ्हा आणखी न्यारी. स्लोन स्क्वेअर स्टेशनात ती रुळांच्या वरून, छताजवळच्या जाडजूड नळातून जाते. खाली गाडीची वाट पाहणाऱ्यांना डोक्यावर नदी आहे याचा पत्ताही नसतो.

१८५८च्या उन्हाळ्यात टेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवावे लागले. त्यानंतर बॅझलजेट या अभियंत्यानं भुयारी गटारं बांधली. आरोनोविच या इतिहासातून दैवतकथा उभी करतात. त्या घाणीत मुलं गमावलेला टेम्सबाबा वरच्या अंगाला निघून जातो. शहरातला प्रवाह जवळपास शतकभर बेवारस राहतो आणि मग नायजेरियाहून परिचारिका व्हायला आलेली एक दुःखी मुलगी पुलावरून उडी मारते, ती टेम्सआई होऊनच वर येते. तिच्या लेकी म्हणजे टायबर्न, फ्लीट, एफ्रा, बेव्हर्ली ब्रुक. टायबर्न मेफेअरखालून वाहते, म्हणून तिचा रुबाबही मेफेअरचा. बेव्हर्ली रिचमंड पार्कातून उघड्यावर वाहते आणि स्वभावानंही मोकळी. नदीची ओटी भरणाऱ्या आपल्या वाचकाला हे घराणं परकं वाटायचं कारण नाही. स्थलांतरितांचं लंडन इतक्या प्रेमानं आणि इतक्या नेमकेपणानं दाखवणारी दुसरी रंजक मालिका माझ्या वाचनात नाही.

‘ब्रोकन होम्स’ (२०१३) मधला जादू साठवण्यासाठी बांधलेला गृहसंकुलाचा टॉवर हा माझ्या मते मालिकेतला सर्वांत अस्सल विज्ञानकल्पनेचा तुकडा. पण थेट त्याच्यावर उडी मारू नका. पुस्तकं क्रमानंच वाचा, शेजारी लंडनचा नकाशा उघडा ठेवा. आणि ऐकायची सवय असेल तर कोब्ना होल्डब्रूक-स्मिथ यांच्या आवाजातली ध्वनिपुस्तकं आधी घ्या.