हवेची टाकी व तिची निगा

अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधूंच्या छपरींत हवेचा कॉम्प्रेसर येऊन बसला आहे. ट्रॉलीचीं चाकें भरणें, रेडिएटरच्या जाळींतील भूस उडविणें इत्यादि कामें त्यायोगें सुलभ होतात. परंतु हवा डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून तिचें बळही थोडें, असा समज आढळतो. तो घातक होय.

आमच्या पंचक्रोशींत एका दुकानीं सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार सुसकारे टाकतो म्हणून मालकानें त्यांत खुंटी ठोकली. पुढें मोटार आपोआप बंद करणारा खटका बिघडला आणि टाकी फुटली. शेजारची भिंत कोसळली. कामावरचा मुलगा जेवावयास गेला होता, म्हणून वांचला. तो व्हॉल्व्ह सुसकारत होता तो खटका बिघडत चालल्याची सूचना देण्यासाठींच. ती कोणीं ऐकली नाहीं.

दाब ७ किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास ७ किलो भार. या हिशेबानें फूटभर लांब व फूटभर रुंद पत्र्यावर सुमारें साडेसहा टन भार पडतो. हा पत्रा आंतून गंजला असल्यास काय होईल, हें सांगणें नलगे.

गंज येतो कोठून? दाबलेली हवा तापते, टाकींत निवते, आणि तिच्यांतील वाफेचें पाणी होऊन तळाशीं साचतें. पावसाळ्यांत तें अधिक असतें. बाहेरून रंग चकचकीत, आंतून तळ कुरतडलेला, अशी स्थिति होते. यास्तव रोज काम संपतांच थोडा दाब शिल्लक असतां तळाचा नळ उघडून पाणी काढावें. तांबूस पाणी येऊं लागल्यास टाकी जाणकाराकडून तपासून घ्यावी. परीक्षा पाण्याच्या दाबानेंच व्हावी; पाणी फारसें दबत नाहीं, म्हणून पत्रा फाटला तरी स्फोट होत नाहीं. गंजलेल्या टाकीस ठिगळ जोडून ती पुन्हां वापरूं नये.

मोटार बंद करून दाबाच्या घड्याळाचा कांटा पाहून ठेवावा. अर्ध्या तासांत तो बराच उतरला तर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे येतील तेथें गळती समजावी. गळती म्हणजे वीजबिलांतील चोर होय. हवा ओढणाऱ्या तोंडाची जाळी स्वच्छ ठेवावी, आणि यंत्र मळणीच्या धुळींत ठेवूं नये.

चाक भरतांना त्याच्या समोर न बसतां बाजूस उभें राहावें. ट्रॉलीचा दाब ट्रॅक्टरच्या मागील चाकास देऊं नये. त्यास साधारण १ किलोच्या आसपास दाब पुरतो. अंगावरील धूळ हवेनें झाडण्याची खोड मुलांस लागूं देऊं नये. त्या झोतानें डोळा वा कान कायमचा जाऊं शकतो.

सातबाराचा उतारा आपण वेळोवेळीं पाहून घेतों. तसाच या टाकीचा तळही पाहत जावा, एवढीच आमची विनंति आहे.